मायेस्त्रोंचा डावा हात

शुक्रवारी दुपारी आमच्याकडे एक इटालियन माणूस जेवायला येत असे. शाळेत हे सांगितलं तेव्हा मैत्रिणींना ती थाप वाटली. त्यांचा तरी काय दोष? शारजात रोला भागातल्या एका गल्लीत आमचा फ्लॅट. पुढच्या खोलीत एक दिवाण, फोल्डिंगचं टेबल, शोकेसमध्ये गणपती आणि बाबांना कंपनीतून मिळालेलं घड्याळ. शुक्रवारची सकाळ म्हणजे खालच्या मशिदीतलं कुराणपठण, शेजारच्या मल्याळी काकूंचा मिक्सर, खिडकीतल्या एसीची घरघर आणि या सगळ्यावर मात करणारी आईच्या फोडणीची चुरचुर. बारा वाजून गेले की बाबा दुबईतल्या देऱ्याहून मायेस्त्रोंना घेऊन यायचे. उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस, मागे वळवलेले पांढरे केस, भर जुलैतही पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. दारात बूट काढायचे, मोजे नीट घडी करून बुटात ठेवायचे आणि आत येतायेताच हवेत नाक वर करून विचारायचे, “सुलभा, वांगी?”

भरली वांगी हा त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या गावाकडेही वांगी खूप होतात म्हणे, पण शेंगदाण्याचं कूट घालून वांग्याचं असं काही करता येतं हे त्यांना साठीत शारजात कळलं. सुरुवातीला ते काट्याचमच्यानं जेवायचे. मग एकदा आईनं भाताचा आणि आमटीचा घास बोटांनी कसा कालवायचा ते दाखवलं, आणि त्यानंतर त्यांनी आमच्या घरी चमच्याला हात लावला नाही.

त्यांचं नाव ओरेस्ते व्हाल्दिनी. हॉटेलात सगळे त्यांना मायेस्त्रो म्हणत. आईनं पहिल्याच दिवशी बाबांना विचारलं होतं, “अहो, मायेस्त्रो म्हणजे काय?” बाबा म्हणाले, “मास्तर गं.” “मग सरळ मास्तर म्हणा की,” असं म्हणून आईनं तो विषय कायमचा संपवला. मायेस्त्रोंनाही ते आवडलं. माझ्या ‘मेधा’ नावाचं मात्र त्यांनी ‘मेदा’ करून टाकलं. आई चिडायची, “पोरीच्या नावात चरबी कशाला?” त्यांची इंग्रजी अर्धी इटालियन होती, त्यात हॉटेलातल्या पोरांकडून उचललेली हिंदी आणि ड्रायव्हरांकडून उचललेलं ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, आणि ‘खलास’. आईची इंग्रजी दवाखान्यातली. दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. इथे मी ते सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण मला ते आठवतं तेच मुळी मराठीत.

बाबा दुबईला खाडीकाठच्या एका हॉटेलात मेंटेनन्स इंजिनियर होते, आणि मायेस्त्रो त्याच हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी पियानो वाजवायचे. दोघांची ओळख भांडणातून झाली. लॉबीतल्या एसीचा झोत नेमका पियानोवर यायचा, बाहेरून दमट हवा आत शिरायची, आणि त्या दोन्हींच्या मध्ये पियानो रोज बेसूर व्हायचा. मायेस्त्रो रोज बेसमेंटमध्ये जाऊन बाबांवर ओरडायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मी बाबांबरोबर गेले होते, तेव्हा हे भांडण लॉबीत चालू होतं. मी कंटाळून पियानोची एक पट्टी दाबली. मायेस्त्रो गर्रकन वळले. मला वाटलं, आता मार. त्यांनी तीच पट्टी पुन्हा दाबली आणि म्हणाले, “गा.” मी गायले. दुसरी दाबली. ती गायले. मग दोन एकदम, तीन एकदम. बाबा हातात पाना घेऊन बघत उभे. शेवटी मायेस्त्रो बाबांना म्हणाले, “एसी राहू दे, इंजिनियर. ही मुलगी मला दे.”

फीचं विचारलं तर ते हसले. शुक्रवारचं जेवण, एवढीच त्यांची अट. स्टाफ क्वार्टर्समध्ये एका खोलीत राहायचे, हॉटेलचं खाऊन जीव विटला होता. म्हणून दुपारी बँक्वेट हॉल रिकामा असेल तेव्हा, तिथल्या जुन्या उभ्या पियानोवर, माझी शिकवणी सुरू झाली.

शिकवणी म्हणजे काय असते ते मी आता रोज बघते. आज दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या माझ्या फ्लॅटवर पोरं शिकायला येतात, मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात, आणि दहा मिनिटांनी “ब्रेक?” म्हणून विचारतात. मायेस्त्रोंकडे ब्रेक नव्हता. चुकलं की ते ओरडत नसत. ते खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहायचे, आणि मी ती ओळ बरोबर वाजवेपर्यंत वळायचेच नाहीत. ती पाठ मला अजून स्वप्नात दिसते.

त्यांचं आधीचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, बहुतेक सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर. वडील डोंगरातल्या एका गावात पाव भाजायचे. चर्चच्या पाद्र्याकडे एक पियानो होता, त्यावर हा मुलगा शिकला आणि पाद्र्याला जे येत होतं ते लवकरच संपलं. मग शहर, स्पर्धा, मैफली. मग एका ऑपेरा थिएटरात गायकांचा रियाज घेणारा पियानोवादक, आणि मुख्य संचालक आजारी पडला तेव्हा ऐनवेळी हातात छडी घेऊन ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिलेला तरुण. तिथून ते कंडक्टर झाले. त्यांची ख्याती एका गोष्टीसाठी होती. समोर स्वरलिपीचं पुस्तक न ठेवता ते तीन-तीन तासांचा ऑपेरा चालवायचे. प्रत्येक वाद्य, प्रत्येक गायक, प्रत्येक शब्द डोक्यात. लोक ते बघायला यायचे.

“आणि मग?” मी विचारलं होतं.

“मग एका संध्याकाळी डोक्यात काहीच नव्हतं,” ते भात कालवत म्हणाले. “तिसरा अंक. हात वर होता आणि पुढे काय ते मला माहीत नव्हतं. आधी बासरी थांबली. मग गायिका. मग व्हायोलिनवाले, एक इकडे, एक तिकडे. सगळे वेगवेगळ्या जागी थांबले, मेदा. यापेक्षा भयंकर आवाज मी ऐकलेला नाही. मग लोकांनी शिट्ट्या मारल्या. आमच्याकडे ती शिवी असते.”

त्यानंतर फोन येणं बंद झालं. त्यांनी पुन्हा छडी धरली नाही. पर्यटकांच्या बोटींवर पियानो वाजवत फिरले, एक बोट दुबईच्या बंदराला लागली, आणि ते उतरले ते उतरलेच. आईनं त्या दिवशी त्यांना आग्रह करून आणखी एक वांगं वाढलं. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नसावं.

हे असंच चाललं असतं. पण मी अकरावीत असताना हान्ना नावाची एक जर्मन बाई हॉटेलात चहाला आली. तिचा नवरा इथे इंजिनियर होता, ती स्वतः व्हायोलिन वाजवायची. तिनं मायेस्त्रोंना ओळखलं. इटलीत शिकत असताना तिनं त्यांना ऐकलं होतं. “तुम्ही व्हाल्दिनी ना?” तिनं विचारलं. “तो मेला,” मायेस्त्रो म्हणाले आणि वाजवत राहिले. पण हान्ना चिवट होती. ती रोज येऊन म्हणायला लागली, “इथे वाद्यं वाजवणारे तीसेक लोक आहेत, शाळांतले शिक्षक आहेत, हॉटेलांतले फिलिपिनो कलाकार आहेत, एक लेबनानी फर्निचरवाला आहे जो चेलो वाजवतो, आम्हाला फक्त समोर उभं राहणारा माणूस हवा आहे.” अनेक महिन्यांनी एका शुक्रवारी मायेस्त्रो आमच्याकडे आले आणि जेवण संपल्यावर म्हणाले, “मी करेन. पण पियानोवर मेदा बसेल.”

आईनं पहिल्यांदा नाही म्हटलं. अकरावी, पुढे बारावी, आणि ही कसली थेरं. बाबा म्हणाले, “अगं, माणूस वीस वर्षांनी उभा राहतोय.” “तो राहू दे उभा,” आई म्हणाली, “माझ्या पोरीला कशाला बसवतोय?” शेवटी परीक्षा संपल्यावर कार्यक्रम करायचा, एवढ्यावर ती तयार झाली.

तालमी रास अल खोरला, त्या लेबनानी गृहस्थांच्या गोदामात व्हायच्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोफ्यांच्या रांगा बाजूला सारून जागा केलेली. बाहेर ट्रक मागे घेताना टूं टूं वाजायचं, आणि मायेस्त्रो हात वर धरून ते थांबण्याची वाट बघायचे. आम्ही वाजवणार होतो तो एक कॉन्चेर्तो होता, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांचा तीन भागांतला संवाद. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग दोघांनी मिळून. खिडकीशी पाठ करून उभा राहणारा माझा शिक्षक इथे मला पहिल्यांदा समोरून दिसला. छडी हातात आली की त्यांचे वाकलेले खांदे सरळ व्हायचे. समोर पुस्तक नसायचं. हान्नानं एकदा आणून ठेवलं, तर त्यांनी ते हळूच मिटलं आणि सोफ्यावर ठेवून दिलं.

कार्यक्रमाला थोडे दिवस राहिले होते. मधला, संथ भाग चालू होता. मी माझी ओळ वाजवून संपवली आणि ऑर्केस्ट्राला आत घेण्यासाठी ते हात उचलतील म्हणून वर पाहिलं. हात उचलला गेला नाही. छडी बोटांतून निसटून जमिनीवर पडली होती आणि ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा तरी हात चुकून आपल्या बाहीत आला असावा तसे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. मला ते कळलं नाही, पण नजर कळली. ही कोण मुलगी, असं ती नजर विचारत होती. बाहेर एक ट्रक मागे येत होता. तो थांबेपर्यंत मायेस्त्रो वाकले, डाव्या हातानं छडी उचलली, उजव्यात धरली आणि म्हणाले, “यल्ला. पुन्हा.”

सगळ्यांना वाटलं तेच मलाही वाटलं. इटलीतली ती संध्याकाळ परत आली. मी घरी येऊन स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या असलेल्या आईला सांगितलं, “आई, ही इज फरगेटिंग अगेन.” आई चपात्या लाटत होती. मी सांगत गेले तसं तिचं लाटणं थांबलं.

“छडी कुठल्या हातातून पडली?”

“उजव्या.”

“तोंड वाकडं झालं होतं? एका बाजूला?”

“आय डोन्ट नो, आई.”

“नीट आठव.”

आई शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. दिवसभर चेंगरलेली बोटं आणि उन्हात कोसळलेली माणसं बघायची. घरी ती दवाखान्याबद्दल कधी बोलत नसे, पण त्या वेळी ती माझ्याशी बोलत होती ती आई नव्हती, सिस्टर सुलभा होती. तिनं गॅस बंद केला. “हे विसरणं नाही,” ती म्हणाली. “मेंदूला रक्त पोचायला अडथळा येतोय. असं थोडा वेळ होतं आणि जातं. ही सूचना असते. पुढचा झटका मोठा असतो.”

दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता, तिनं नेहमीसारखा स्वयंपाक केला. वांगी होती, सोलकढी होती. मायेस्त्रो कार्यक्रमाबद्दल भरभरून बोलत होते आणि आई त्यांच्या हाताकडे बघत होती. सोलकढीची वाटी त्यांनी उचलली आणि ती अर्ध्यावरून कलंडली. “सॉरी, सॉरी,” म्हणत त्यांनी डाव्या हातानं टेबल पुसायला घेतलं. आईनं जेवण पुरं होऊ दिलं. मग बीपीचं यंत्र आणून टेबलावर ठेवलं.

“मास्तर, हात.”

“सुलभा, मी जेवायला आलोय.”

“जेवण झालंय. हात.”

तिनं एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. पट्टा सोडताना तिच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं, आणि त्यावरूनच मला समजलं. “अहो,” ती बाबांना म्हणाली, “गाडी काढा. हॉस्पिटलला जायचंय.”

“गुरुवारनंतर,” मायेस्त्रो म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रम होता.

“गुरुवारपर्यंत काय होईल सांगता येत नाही.”

“काय होईल?”

“हात जाईल. बोलणं जाईल. नाहीतर तुम्हीच जाल.”

बाबा किल्ली हातात घेऊन दारात उभे होते, ना आत ना बाहेर. मायेस्त्रोंनी त्यांच्याकडे पाहिलं. “इंजिनियर, तू हिला सांग. हॉटेलच्या नव्या मॅनेजरला माझ्या जागी गाणारी जोडी आणायची आहे. मी आजारी आहे एवढं कळलं की माझी नोकरी खलास, व्हिसा खलास. मला विमानात बसवतील. मी गावी जाईन आणि लोक म्हणतील, तो बघा, मध्येच थांबलेला आला.”

“जिवापेक्षा मोठं आहे का ते?” आईनं विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. “मोठं नाही,” ते म्हणाले. “तेवढंच आहे.”

“आई, प्लीज,” मी म्हणाले.

“तू मध्ये बोलू नकोस,” आई म्हणाली. “हे तुझ्यासाठी चाललेलं नाही.”

ती उठून गॅलरीत गेली. दोरीवरचे कपडे काढायला लागली. काचेतून आम्हाला दिसत होतं, एकेक कपडा ती झटकत होती, घडी घालत होती, घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती. बऱ्याच वेळानं ती कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत आली आणि कुणाकडेही न बघता बोलली. “आमच्या दवाखान्यातले डॉक्टर आज तपासतील, माझ्या शब्दाखातर येतील. ते देतील त्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या. समोर पुस्तक उघडं ठेवायचं, डोक्यावर ताण नको. मी पहिल्या रांगेत बसणार. आणि टाळ्या संपल्या की तिथून थेट हॉस्पिटल. यातलं एक जरी मोडलं तर मी स्वतः स्टेजवर येऊन तुम्हाला उतरवेन,” ती म्हणाली. मायेस्त्रोंनी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

डॉक्टर आले, तेही हॉस्पिटलचंच म्हणाले. मायेस्त्रो ऐकेनात म्हटल्यावर गोळ्या लिहून दिल्या आणि मान हलवत गेले. तो आठवडा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. फोन वाजला की तिघंही एकदम उठायचो. बाबा सकाळ-संध्याकाळ क्वार्टर्सवर जाऊन गोळ्या घेतल्या का ते बघून यायचे. मला तर वाजवता येईना. बोटं पट्ट्यांवर असायची आणि डोळे त्यांच्या उजव्या हातावर. शेवटच्या तालमीत त्यांनी मला बाजूला घेतलं. “मेदा, तू माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघतेस. मग मी आजारीच दिसणार. माझ्याकडे कंडक्टरकडे बघतात तसं बघ.” मी प्रयत्न केला.

कार्यक्रम दुबईतल्या एका शाळेच्या सभागृहात होता. मायेस्त्रो काळ्या कोटात आले आणि त्यांच्या काखेत पुस्तक होतं. त्यांनी ते स्वतः स्टँडवर ठेवलं आणि उघडलं, तेव्हा हान्नानं व्हायोलिन मांडीवर ठेवून डोळे पुसले. पहिल्या रांगेत कडेला आई बसली होती, मोतिया रंगाची काठाची साडी, मांडीवर मोठी पर्स, पर्समध्ये यंत्र आणि गोळ्या. बाबांनी गाडी मागच्या दाराशी लावून ठेवली होती आणि ते विंगेत उभे होते.

पहिला भाग सुंदर झाला. आज मला त्यातलं फारसं आठवत नाही, म्हणजे तो नीटच झाला असणार. संथ भाग सुरू झाला तशी गोदामातली ती जागा जवळ यायला लागली. मी ओळ संपवली, वर पाहिलं. हात उचलला गेला. ऑर्केस्ट्रा आत आला. मला वाटलं, सुटलो.

तिसरा भाग वेगवान. त्यात श्वास घ्यायला जागा नाही. मध्ये एकदा माझी नजर त्यांच्या स्टँडवर गेली आणि मला दिसलं, पान उलटलेलं नाही. आम्ही खूप पुढे आलो होतो आणि पुस्तक मागेच होतं. मी वर पाहिलं. उजवा हात अंगाशी लोंबत होता. छडी खाली पडलेली. तोंडाची एक बाजू मेणासारखी सैल झाली होती. डावा हात स्टँडच्या कडेला घट्ट धरलेला, आणि डोळे उघडे, लख्ख, माझ्यावर.

व्हायोलिनं डळमळली. एक बासरी चुकीच्या जागी आत आली. मला तो आवाज ओळखीचा वाटला, कधी ऐकलेला नसूनही. आता सगळे एकेक करून थांबणार. मी पट्ट्यांवर जोर दिला, इतका की तसा कधीच देऊ नये असं त्यांनी मला शिकवलं होतं, आणि मानेनं ठोका द्यायला लागले. हान्नानं ते पाहिलं. तिनं आपलं व्हायोलिन उंच उचललं आणि अख्ख्या अंगानं ठोका धरला. तिच्या मागून बाकीचे आले. आणि त्याच वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं, पहिल्या रांगेत आई उभी राहिली आहे.

सगळं सभागृह बसलेलं आणि मोतिया साडीतली एक बाई उभी. मायेस्त्रोंनी तिच्याकडे मान वळवली. अगदी थोडी हलवली. नको. आई तशीच उभी. मागून कुणीतरी तिला बसा म्हणालं. मग ती चालायला लागली. कडेच्या पायऱ्या चढून ती स्टेजवर आली, व्हायोलिनवाल्यांच्या मागून वाट काढत मायेस्त्रोंच्या पाठीशी पोचली आणि तिनं दोन्ही हातांनी त्यांना कमरेला धरलं. बाबा विंगेतून पुढे झाले होते, तिनं त्यांना नजरेनंच थांबवलं. मी वाजवत होते. मला वाटलं, आता ती त्यांना मागे ओढेल. पण ती नुसती धरून उभी राहिली. आधार मिळाल्यावर मायेस्त्रोंनी डाव्या हातातली स्टँडची कड सोडली. तो हात वर उचलला. छडी नाही, काही नाही, नुसती बोटं. आणि त्यांनी आम्हाला शेवटपर्यंत नेलं, माझ्या आईच्या हातांत उभे राहून.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा बाबा आणि चेलोवाले गृहस्थ त्यांना मागच्या दारानं उचलून नेत होते. लोकांना काय झालं ते कळलंच नाही. कित्येकांना वाटलं, ती बाई म्हणजे त्यांची बायको.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात आम्हाला आत सोडलं. हान्ना आधीच आली होती. मायेस्त्रोंची इंग्रजी गेली होती, हिंदी गेली होती, यल्लासुद्धा गेलं होतं. राहिली होती ती तोतरी इटालियन. मला बघून त्यांनी तेच दोन-तीन शब्द पुन्हा पुन्हा उच्चारले. हान्ना वाकली, ऐकलं, आणि मला म्हणाली, “विचारतायत, सगळे एकत्र थांबलात का?”

“हो,” मी म्हणाले. “एकत्र.”

त्यांनी डोळे मिटले.

उजवा हात परत आला नाही. नोकरी गेली, ते म्हणाले होते तसंच. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं मायेस्त्रोंची बहीण इटलीहून येईपर्यंत खोली राहू दिली. त्या मधल्या दिवसांत आई रोज दवाखाना सुटल्यावर देऱ्याला जायची, त्यांच्या हाताला मालीश करायची, घास भरवायची. विमानतळावर त्यांनी डाव्या हातानं आईचा हात धरून त्याचं चुंबन घेतलं. आई इतकी लाजली की तिनं हात पदरात गुंडाळून घेतला, आणि घरी येईपर्यंत तो तसाच ठेवला. पुढे काही वर्षं ते त्यांच्या डोंगरातल्या गावात राहिले. बोलणं थोडं परत आलं. गावच्या चर्चमधल्या मुलांच्या गायनाला डाव्या हातानं ताल धरायचे, असं त्यांची बहीण फोनवर सांगायची. त्यांना ‘मध्येच थांबलेला’ कुणी म्हटलं का, ते मी कधी विचारलं नाही. एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले.

मी मोठी पियानोवादक झाले नाही. तितकं माझ्यात नव्हतं, आणि हे त्यांनाही ठाऊक असावं. मी शिकवते. आई आता माझ्याकडेच असते. बाबा गेले त्याला काही वर्षं झाली. तिचं ऐकणं कमी झालंय, पण पोरं वाजवत असताना ती मागच्या खुर्चीत येऊन बसते.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी तिला विचारलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्या संध्याकाळी ती त्यांना आधार द्यायला वर गेली. लेक्चर दिल्यासारखं मी तिला म्हणालेही, की नर्स असून तू केवढा मोठा निर्णय घेतलास.

“कसला निर्णय?” आई म्हणाली. “मी त्यांना खाली आणायला चढले होते. सांगितलं होतं ना मी, उतरवेन म्हणून. एकेक मिनिट मोलाचं होतं. कमरेला हात घातला तो ओढायलाच.”

“मग?”

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

“खालून तुझी नुसती एक बाजू दिसत होती,” ती म्हणाली. “वर आल्यावर तुझं तोंड दिसलं. मग नाही ओढवलं.”